जुने ग्राफिक्स कार्ड पारखताना

मदरबोर्डावरच्या लांब खाचेत बसणारे ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकातला दुसरा छोटा संगणकच. त्याला स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची मेमरी असते, पंखे असतात आणि विजेची भूकही वेगळी असते. गेम खेळण्यासाठी बेताच्या पैशांत संगणक जुळवायला बसले की सर्वांत मोठा घास हा एकच भाग घेतो. म्हणून जुन्या कार्डाचा विचार पुढे येतो, आणि तो चुकीचा नाही. कार्डावरची मुख्य चिप वापराने सहसा झिजून बंद पडत नाही. झिजतात ते पंखे, सुकते ती चिपवरची थर्मल पेस्ट आणि कडक होतात ते मेमरीवरचे थर्मल पॅड. हे तिन्ही थोड्या खर्चात बदलून मिळतात. जे बदलून मिळत नाही ते आधी ओळखता आले, तर जुने कार्ड हा फायद्याचा सौदा ठरतो.

पुण्यात असे कार्ड मुख्यतः तीन वाटांनी येते. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि शहरभरची संगणकाची दुकाने ही एक वाट. शिक्षण संपवून गाव गाठणाऱ्या किंवा नवे कार्ड घेणाऱ्या मुलांचा घरगुती सौदा ही दुसरी. हिंजवडी-खराडीसारख्या भागांतल्या कंपन्यांनी काढून टाकलेली ऑफिसची यंत्रे दुरुस्त करून विकणारे व्यापारी ही तिसरी. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात लोखंडापासून घड्याळापर्यंत पुष्कळ काही चांगले सापडते, पण पथारीवरचे कार्ड चालवून बघता येत नाही, आणि न चालवता ग्राफिक्स कार्ड घेणे म्हणजे विहिरीत न डोकावता उडी मारणे. पुढे सांगितलेले सगळे विसरले तरी चालेल, पण भार टाकून चालताना न पाहिलेल्या कार्डाला पैसे देऊ नयेत.

बाजारात पहिला प्रश्न ऐकू येतो तो ‘किती जीबीचं?’ हा. फसगतीची सुरुवात बहुधा इथेच होते. जीटी 730 या कार्डावर 4 जीबी मेमरी असू शकते, आणि तरीही जेमतेम 2 जीबीचे जीटीएक्स 1050 त्याला सहज मागे टाकते. कारण पहिल्याची चिप दुबळी आणि मेमरी संथ असते. जीटी 1030 हे कार्ड तर एकाच नावाने दोन प्रकारच्या मेमरीसह विकले गेले. त्यातले डीडीआर4 मेमरीचे कार्ड जीडीडीआर5 वाल्यापेक्षा खूपच मंद आहे. जीटीएक्स 1060 च्या 3 जीबी कार्डात 6 जीबीच्या तुलनेत मेमरी तर निम्मी आहेच, शिवाय चिपमधले गणन-घटकही 1280 ऐवजी 1152 आहेत. आरएक्स 580 च्या नावापुढे ‘2048 एसपी’ असे बारीक अक्षरांत असेल, तर ते कामगिरीने आरएक्स 570 च्या बरोबरीचे असते. आरटीएक्स 3060 सुद्धा 12 जीबी आणि 8 जीबी अशा दोन रूपांत आहे, आणि 8 जीबीच्या कार्डात मेमरीकडे जाणारा रस्ताही 192 बिटांवरून 128 बिटांवर आलेला आहे. म्हणून आधी पूर्ण नाव विचारावे, मग मेमरीचा प्रकार, आणि मग किती जीबी हे विचारावे.

पिढीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. 2016 साली आलेली जीटीएक्स 1050 टीआय आणि 1060 ही कार्डे पुण्यातल्या अनेक मुलांच्या खोल्यांत आजही चालतात. व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक किंवा जीटीए फाइव्ह एवढ्यावर भागणार असेल तर ती उपयोगाची आहेत. मात्र ऑक्टोबर 2025 नंतर एनव्हिडियाने या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणे थांबवले असून केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळणार आहेत. शिवाय डिसेंबर 2024 मधला इंडियाना जोन्सचा गेम किंवा मे 2025 मधला डूम: द डार्क एजेस हे हार्डवेअर रे ट्रेसिंग नसलेल्या कार्डावर चालतच नाहीत. ती सोय जीटीएक्स नावाच्या कार्डांत नाही. एनव्हिडियात आरटीएक्स 2060 पासून पुढे आणि एएमडीच्या आरएक्स 6000 मालिकेत ती आहे. पडदा 1080पी असेल आणि पुढची दोन-तीन वर्षे निभवायची असतील, तर जुन्या कार्डांत आरएक्स 6600 किंवा 12 जीबीचे आरटीएक्स 3060 यांच्यामागे जाणे सर्वांत शहाणपणाचे. आरएक्स 6500 एक्सटी मात्र जुन्या मदरबोर्डासाठी टाळावे. ते खाचेच्या सोळापैकी चारच मार्गिका वापरते, आणि पीसीआय एक्सप्रेस 3.0 च्या बोर्डावर त्याचा वेग जाणवण्याइतका घसरतो.

यानंतर विजेचा हिशेब. खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी 75 आणि आठ पिनांच्या जोडणीतून 150. जीटीएक्स 1650 ची भूक 75 वॅट असल्याने त्याची पुष्कळ कार्डे निव्वळ खाचेवर चालतात. जीटीएक्स 1660 सुपरला 125, आरएक्स 6600 ला 132, आरटीएक्स 3060 ला 170 आणि आरएक्स 580 ला 185 वॅट लागतात. स्वस्त कॅबिनेटबरोबर येणाऱ्या पॉवर सप्लायवर ‘450 वॅट’ असे छापलेले असते, पण खरी परीक्षा बाजूच्या लेबलावर 12 व्होल्टच्या रकान्यात असते. तिथले अँपिअर गुणिले 12 केले की खरी ताकद कळते. कार्डात वाचवलेले हजार-दीड हजार रुपये नामांकित कंपनीच्या पॉवर सप्लायवर घालणे कधीही बरे, कारण वाईट पॉवर सप्लाय मरताना कधी कधी कार्डाला बरोबर घेऊन जातो.

ऑफिसमधून निघालेल्या डेल किंवा एचपीच्या छोट्या पेटीत गेमिंगचे कार्ड बसवायचे असेल तर पर्याय आक्रसतात. कार्ड अर्ध्या उंचीचे म्हणजे लो प्रोफाइल लागते, त्याची बारीक पट्टी बरोबर मिळते की नाही ते पाहावे लागते आणि काही पेट्यांत खाचेकडून पूर्ण 75 वॅटही मिळत नाहीत. यंत्राचे मॉडेल सांगून त्यात तेच कार्ड चाललेले आहे का, ही चौकशी आधी करावी. पडदा फक्त व्हीजीएचा असेल तर नव्या पिढीच्या कार्डाला तशी जोडणी नसते, हेही लक्षात ठेवावे.

आभासी चलनाच्या मायनिंगमध्ये, म्हणजे खननात, वापरलेल्या कार्डाबद्दल बाजारात भीती फार आहे. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या चलनाची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवरचे ते खनन एका दिवसात थांबले आणि जगभर अशा कार्डांचा लोंढा बाजारात आला. भीती पूर्ण खरी नाही. मायनिंग करणारा माणूस विजेचे बिल वाचवण्यासाठी कार्ड कमी व्होल्टेजवर आणि एकसारख्या तापमानावर चालवत असे. रोज तापून रोज थंड होणाऱ्या घरगुती कार्डापेक्षा अशी चिप कित्येकदा बऱ्या अवस्थेत असते. अहोरात्र फिरून खंगलेले असतात ते पंखे, आणि मेमरीवरचे पॅडही थकलेले असतात. आरएक्स 570 आणि 580 मध्ये आणखी एक खोट सापडते: मायनिंगसाठी त्यांचा बायॉस बदललेला असतो, आणि मूळ बायॉस परत घातल्याशिवाय कार्ड गेममध्ये अडखळते. पी106-100 नावाचे कार्ड मात्र साफ नाकारावे. ते 1060 च्याच चिपवर बनले असले तरी खास मायनिंगसाठी होते, आणि त्याला पडदा जोडायला जागाच नाही.

कार्ड हातात आले की उजेडाकडे धरून निवांत बघावे. खाचेत जाणारे सोनेरी दात एकसारखे चमकले पाहिजेत. एखादा दात काळवंडलेला असेल तर तिथे ठिणगी उडालेली असू शकते. मागच्या बाजूला चिपभोवतीचे चार स्क्रू बघावेत. त्यांच्या डोक्यांवर ओरखडे असतील तर कार्ड उघडले गेले आहे. पेस्ट बदलण्यासाठी उघडले असेल तर ती चांगलीच गोष्ट, पण विकणाऱ्याने ते आपणहून सांगायला हवे. चिपच्या आसपास बोर्डाचा रंग तपकिरी झालेला, चिकट पिवळसर राळ राहिलेली किंवा स्टिकरच्या कडा उष्णतेने वळलेल्या दिसल्या, तर कार्डाला हीट गन मारली आहे असे समजावे. मेलेले कार्ड अशा शेकाने काही दिवस जिवंत होते आणि घरी गेल्यावर पुन्हा मरते. पॅडमधून पाझरलेला तेलकट ओलावा दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. मेमरीवर किंवा पायांवर हिरवट-पांढरा गंज दिसला तर मात्र कार्ड परत द्यावे. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या तळमजल्याच्या खोलीत किंवा गोदामात पडून राहिलेल्या मालात असा गंज दिसतो. शेवटी बोटाने पंखा हलकेच फिरवावा. तो न घासता सावकाश थांबला पाहिजे आणि आसावर डुलता कामा नये.

मग चालवून बघणे. यासाठी किमान अर्धा तास हवा, आणि तेवढा वेळ द्यायला का-कू करणाऱ्याशी सौदा करू नये. पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड, युनिजिन हेवन किंवा सुपरपोझिशन आणि ओसीसीटी हे प्रोग्रॅम नेले की काम भागते. जीपीयू-झेड उघडताच चिपचे नाव, मेमरीचा प्रकार, गणन-घटकांची संख्या दिसते. ती त्या मॉडेलच्या जाहीर आकड्यांशी ताडून बघावी. जुन्या जीटीएस 450 किंवा 550 टीआयसारख्या कार्डात खोटा बायॉस घालून ते 1050 टीआय म्हणून खपवण्याचे प्रकार इतके झाले, की 2018 पासून या प्रोग्रॅमने असे एनव्हिडिया कार्ड सापडताच नावाआधी ‘फेक’ असा शिक्का दाखवायला सुरुवात केली. 1050 टीआयला निळी व्हीजीए जोडणी दिसली तर तिथेच शंका घ्यावी. बस इंटरफेसच्या ओळीत सोळा मार्गिकांचे कार्ड चार किंवा आठवर चालताना दिसले, तर दात पुसून पुन्हा बसवून बघावे. आरएक्स 6600 ला मुळातच आठ मार्गिका आहेत, तेव्हा तिथे आठ हा आकडा बरोबर आहे.

आता हेवन पूर्ण पडद्यावर लावून द्यावे आणि शेजारी तापमान बघत बसावे. नुसते सुरू असताना पंखे थांबलेले दिसले तर तो दोष नाही, बरीच कार्डे गरम होईपर्यंत पंखे फिरवतच नाहीत. भार आल्यावर तापमान चढते आणि दहा-पंधरा मिनिटांत एका जागी ठरते. 65 ते 80 अंशांत ठरले तर ठीक. 85 च्या पुढे गेले आणि पंखे किंचाळू लागले तर पेस्ट-पॅडचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. हॉट स्पॉट नावाचा दुसरा आकडा मुख्य तापमानापेक्षा 25-30 अंशांनी वर असेल तर चिपवर पेस्ट नीट बसलेली नाही. पडद्यावर रंगीत चौकोन, चमकणारे ठिपके, ताणलेले त्रिकोण दिसले, किंवा क्षणभर काळोख होऊन ड्रायव्हर पुन्हा सुरू झाला, तर मेमरी किंवा चिप आजारी आहे; अशा कार्डाला किंमत नसते. त्यानंतर ओसीसीटीमधली व्हीडीओ मेमरीची चाचणी लावावी. एकही चूक मान्य नाही. शेवटी यंत्र बंद करून कार्ड थंड होऊ द्यावे आणि पुन्हा सुरू करावे. शेकलेली कार्डे या थंड-गरमच्या फेऱ्यात उघडी पडतात. प्रत्येक जोडणीला, एचडीएमआय असो की डिस्प्ले पोर्ट, एकदा तरी पडदा लावून बघावा.

चाचणी कोणत्या महिन्यात होते आहे याचेही भान ठेवावे. खोलीचे तापमान जितके वाढते, जवळजवळ तितकेच कार्डाचे वाढते. डिसेंबरात 20 अंशांच्या खोलीत 70 वर ठरलेले कार्ड एप्रिल-मेमध्ये, पुण्याचा पारा चाळिशीला टेकला की 85 च्या वर जाईल. थंडीत घेताना तेवढी सवड उरली पाहिजे.

किमतीचा अंदाज नव्या कार्डावरून बांधावा. मूळ किंमत किती होती याला अर्थ नाही. तितक्याच वेगाचे नवे, वॉरंटीचे कार्ड आज कितीला मिळते ते बघावे. वॉरंटी संपलेल्या कार्डाला त्याच्या निम्म्याहून फार जास्त देऊ नये. वॉरंटी शिल्लक असेल तर साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत जायला हरकत नाही, पण ती सिरियल नंबरवर आहे की मूळ बिलावर हे विचारून घ्यावे आणि कार्डावरचा नंबर खोक्यावरच्या व बिलावरच्या नंबराशी जुळवावा. बिलाचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. माल चोरीचा आहे असे मानायला कारण असतानाही तो घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे, तेव्हा घरगुती सौद्यातही बिलाची प्रत मागण्यात संकोच नसावा.

‘लष्करात आहे, बदली झाली, कुरिअरने पाठवतो, थोडी रक्कम आधी टाका’ अशी जाहिरात किती स्वस्त असली तरी सोडून द्यावी. पैसे परत मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितले गेले तर ती फसवणूकच असते. पैसे येताना ना कोड लागतो ना पिन. पैसे गेलेच तर विलंब न लावता 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

दुकानातून घेताना ‘टेस्टिंग वॉरंटी’ किती दिवसांची ते बिलावर लिहून घ्यावे, सात दिवस असोत की पंधरा. त्या मुदतीत कार्डाला आराम देऊ नये. रोज जो गेम खेळायचा आहे तोच रोज दोन-तीन तास, कॅबिनेटचे झाकण लावून, दुपारच्या उन्हाच्या वेळीही चालवावा. पडदा एकदा जरी काळा झाला तरी ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने घालावा, आणि दुसऱ्यांदा तेच झाले तर मुदत संपायची वाट न बघता कार्ड खोक्यासकट दुकानात परत न्यावे.