मुलाखत : परीक्षा कोणाची?



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते रेडिओदुरुस्तीच्या दुकानात, वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत झाले. तेव्हा आज आम्ही जे बोलणार आहोत ते सोसून शिकलेले आहे, एवढेच त्याचे भांडवल समजावे.

विषय साधा आहे. आपल्या गावातली मुलेमुली डिप्लोमा किंवा डिग्री घेऊन पुण्या-बंगळूरच्या दूरसंचार कंपन्यांत मुलाखतीला जातात. काही निवडली जातात, पुष्कळशी परत येतात. परत आलेल्यांपैकी बहुतेकांना आपण का परत आलो हे कळलेले नसते. या ‘का’विषयी आम्हाला बोलायचे आहे.

कुर्डुवाडीला हा धंदा परका नाही. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी इथून बार्शीला धावू लागली, तेव्हा या स्टेशनाला बार्शी रोड म्हणत. जिथे रूळ गेला तिथे तार गेली, आणि तारमास्तराच्या खटक्यावर गाड्यांची वाहतूक चालली. पुढे काळ बदलला. अडीच फुटी रूळ गेले, आणि २०१३ च्या जुलैत सरकारने सार्वजनिक तारसेवाही बंद केली. आज रेल्वेच्या रुळांकडेने जमिनीखालून काचेचे तंतू जातात. २००० साली स्थापन झालेली रेलटेल ही सरकारी कंपनी त्यांच्यावर आपला व्यवसाय करते. साधन बदलले, पण निरोप पोचविण्याचे काम या गावाच्या अंगणातून तसेच चालू आहे.

आता थोडी आपबीती. १९९१ साली आम्ही टेलिफोनची यंत्रे बनविणाऱ्या एका कारखान्यात मुलाखतीला गेलो होतो. दुकानात तीन वर्षे काम केलेले, त्यामुळे छाती फुगलेली. टेबलापलीकडे तिघे साहेब बसले होते. त्यांतल्या एकाने इंग्रजीत विचारले, “इंपीडन्स म्हणजे काय?” आठ ओमचा स्पीकर काढून त्या जागी चार ओमचा लावला तर आउटपुटचा ट्रान्झिस्टर तापतो, हे आम्हाला पक्के ठाऊक होते. कारण तसा एक ट्रान्झिस्टर जाळून आम्ही मालकाची बोलणी खाल्ली होती. पण ज्या गोष्टीने तो जळाला तिचे नाव आम्हाला माहीत नव्हते. आम्ही गप्प बसलो. साहेबांनी पुढच्या उमेदवाराला हाक मारली. सारे मिळून चार मिनिटे झाली असतील.

आमचे वडील इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. रात्रीच्या गाडीने घरी आलो तेव्हा ते जागेच होते. त्यांनी एकच प्रश्न केला, “तुझ्या हातात पक्कड दिली का त्यांनी?” आम्ही नाही म्हटले. तेव्हा ते म्हणाले, “मग तुझी परीक्षा झालीच न्हाई, लेका. झोप जा.”

या वाक्याचा अर्थ आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळला. वडिलांना माहीत असलेली परीक्षा म्हणजे वर्कशॉपमधली ट्रेड टेस्ट. खलाशाला फिटर व्हायचे असेल तर त्याला दोन लोखंडी तुकडे देत. ते कानशीने घासून एकमेकांत असे बसवायचे की सांध्यातून उजेड दिसता कामा नये. तोंडी प्रश्नही विचारत, परंतु ते त्याच कामावरचे असत. वशिल्याच्या तक्रारी तिथेही होत असत, ते आम्ही नाकारीत नाही. पण नापास झालेला माणूस तो तुकडा स्वतः उजेडाकडे धरून पाहू शकत असे. आपले कुठे चुकले हे त्याला डोळ्यांनी दिसे, आणि दुसऱ्या दिवसापासून तो तेवढे सुधारायला लागे.

उलट, परीक्षा घेणारा थोर असला म्हणजे परीक्षाही थोर असते असे नाही. थॉमस एडिसनचे उदाहरण पहा. हा मनुष्य आमच्याच जातीचा, म्हणजे शाळा अर्धवट सुटलेला. पोरवयात तो रेल्वेगाडीत वर्तमानपत्रे विकी. एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला त्याने डब्याखाली जाता जाता वाचविले, आणि त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तराने त्याला तारेचे काम शिकविले. असा हा एडिसन १९२१ साली, मोठा कारखानदार झाल्यावर, नोकरीसाठी येणाऱ्या पदवीधरांपुढे शंभराहून अधिक सामान्यज्ञानाच्या प्रश्नांची जंत्री ठेवू लागला. ते प्रश्न वर्तमानपत्रांत फुटले. त्याच वर्षी आइन्स्टाइन अमेरिकेत आले असता त्यांना त्यांतला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारण्यात आला. पुस्तकात सहज सापडते ते आपण डोक्यात बाळगीत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. म्हणजे एडिसनच्या दारातून आइन्स्टाइनही परत फिरले असते!

मग चांगला प्रश्न कोणता? समजा, साहेबांनी विचारले, “एका गावाची केबल मध्येच तुटली आहे, खड्डा कुठे घ्याल?” केबल पसरणारे आमचे कंत्राटी कामगार ओ.टी.डी.आर. नावाचे यंत्र ओळखतात. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी येतो, तसे हे यंत्र काचेच्या तंतूत प्रकाशाचा ठिपका सोडते आणि तो परत येईपर्यंतचा वेळ मोजते. तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. ठिपका १०० मायक्रोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाने परत आला, तर त्याची जाऊन येऊन २० किलोमीटर वाट झाली. म्हणजे तूट १० किलोमीटरवर आहे. हे सांगताना उमेदवार अडखळला तरी चालेल. तो विचार कसा करतो ते त्यातून दिसते. आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही, जागोजागी तिची वेटोळी ठेवलेली असतात, म्हणून खड्डा थोडा अलीकडे घ्यावा लागेल, असे जो म्हणेल त्याने ते काम हाताने केले आहे हे ओळखावे. असा प्रश्न म्हणजे उमेदवाराच्या हातात पक्कड देणेच होय.

आता अलीकडची गोष्ट. आमचे एक सभासद केबलचे चर खणतात. त्यांच्या मुलीने दूरसंचाराचा डिप्लोमा केला. एका कंपनीने तिच्या मुलाखतीच्या चार फेऱ्या घेतल्या. पहिली फेरी संगणकावरच्या प्रश्नांची. दुसरी घरबसल्या मोबाइलच्या पडद्यावर. तिच्यात नेटवर्क दोनदा गेले. दूरसंचार कंपनीची मुलाखत नेटवर्क नाही म्हणून तुटावी, याला काय म्हणावे? तिसऱ्या फेरीत घरी करायला काम दिले, त्यात तिच्या तीन रात्री गेल्या. चौथीला पुण्यास बोलावले. बापाने एका दिवसाची मजुरी सोडून तिला नेले. तिथे छंद कोणते, पाच वर्षांनी कुठे असाल, असे प्रश्न झाले. त्यानंतर ना होकार, ना नकार. दोन महिन्यांनी ती आम्हाला म्हणाली, “काका, माझं काय चुकलं एवढं तरी कोणी सांगेल का?”

बंधूंनो, हा प्रश्न ऐकून आम्ही चरकलो. १९९१ सालच्या त्या रात्री हाच प्रश्न घेऊन आम्ही गाडीत बसलो होतो, आणि उत्तर मिळाले नाही म्हणून पुढे कित्येक वर्षे आपण बिनकामाचे आहोत असे मानीत राहिलो. नोकरी न मिळणे हे दुःख आहे. पण कारण न कळता स्वतःविषयीचा विश्वास जाणे हे त्याहून मोठे नुकसान आहे.

कंपनीची बाजू आम्हाला कळते. एका जागेला शेकडो अर्ज येतात, आणि चुकीच्या माणसाच्या हाती यंत्रणा गेली तर तालुक्याचे फोन बंद पडतात. परीक्षा पाहिजेच. आमचे म्हणणे एवढेच की परीक्षा कामाची असावी. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. ऐनवेळी सुचेल ते विचारण्यापेक्षा सर्वांना तेच ठरलेले प्रश्न विचारले, किंवा कामाचा नमुना करून घेतला, तर माणूस पुढे कसे काम करील याचा अंदाज अधिक बरोबर येतो, असे त्यांना दिसले. आपल्या केंद्र सरकारनेही १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणीच्या नोकऱ्यांतील मुलाखत काढून टाकली. कौशल्यचाचणी मात्र ठेवली. आमच्या वडिलांचे म्हणणे याहून निराळे नव्हते.

म्हणून कंपन्यांकडे आमच्या चार मागण्या आहेत. कोणत्या विषयांवर विचारणार ते आधी कळवावे, आणि सर्वांना सारखे विचारावे. कामाचा प्रश्न उमेदवाराला येणाऱ्या भाषेत समजावून द्यावा. गावाहून बोलावले तर जाण्यायेण्याचे भाडे द्यावे, आणि तीन-तीन रात्रींचे काम फुकट करून घेऊ नये. शेवटची मागणी सर्वांत स्वस्त आहे : नकार असेल तर तो कळवावा आणि कारण दोन ओळींत लिहावे.

मुलांनाही दोन शब्द सांगतो. इंग्रजी संज्ञा म्हणजे हत्यारे आहेत. ती पेटीत हवीतच. ‘इंपीडन्स’ म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा एकंदर विरोध, हे आम्ही पुढे वाचनालयात शिकलो. ते आधी शिकलो असतो तर बरे झाले असते, हा दोष आमचा. येत नसेल ते ‘येत नाही’ म्हणा, पण तिथे थांबू नका. ‘मी असे शोधीन’ हे पुढे सांगा. मौन पाळू नका, आमचा घात मौनाने केला. आणि नोकरी देतो म्हणून जो अनामत रक्कम मागतो त्याची मुलाखत ही मुलाखत नव्हे. तिथून सरळ उठून या.

शेवटची विनंती गावाला. सिग्नल आणि टेलिफोन खात्यांतून निवृत्त झालेली कितीतरी मंडळी इथे समोर बसली आहेत. आमच्या युनियनची खोली रविवारी सकाळी मोकळी असते. टेबलापलीकडे तुम्ही बसा, अलीकडे मुले बसतील. कामाचे प्रश्न विचारा, आणि उठण्यापूर्वी कुठे चुकले ते प्रत्येकाला सांगा. ती मुलगी येत्या रविवारी येणार आहे. पहिली खुर्ची तिची. तिच्या प्रश्नाचे उत्तर कंपनीने दिले नाही. निदान या गावाने द्यावे.