बेस गिटारची तार : कानाला आणि बोटाला

(यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाच्या ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात बोलायला उभा राहिलेला माणूस अध्यात्म, आरोग्य किंवा गुंतवणूक यांपैकी कशावर तरी बोलेल अशी आपली अपेक्षा असते. मी विषय सांगितला ‘बेस गिटारच्या तारा’, तेव्हा आपले चिटणीस क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, वीस मिनिटे आहेत, बघा. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. दिवसभर रुळांवरच्या विजेच्या तारांची देखभाल, आणि संध्याकाळी या चार तारा. घरचे म्हणतात, याला तारेशिवाय करमत नाही.

बेस गिटार म्हणजे ऑर्केस्ट्रात मागे उभा असलेला, फारसा न हलणारा माणूस वाजवतो ती लांब दांड्याची गिटार. ती काय वाजवते हे पुष्कळांना सांगता येत नाही, पण ती थांबली की गाणे पोकळ झाल्याचे सगळ्यांना कळते. आपण चेन्नईत राहतो, तेव्हा इलयाराजांची १९८०च्या दशकातली गाणी कानांवर पडतच असतात. एकदा गायकाकडे दुर्लक्ष करून खालचा खर्ज ऐका. गाण्याखाली दुसरे गाणे चाललेले असते. रहमानच्या कितीतरी गाण्यांतला खर्ज आपल्याच शहरातल्या कीथ पीटर्स यांचा आहे, आणि पंचमदांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा.

आता तारेकडे येतो. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे साधारण ८६४ मिलिमीटर. स्वर इतका खाली न्यायचा तर तीन वाटा आहेत. तार लांब करा, सैल सोडा, नाहीतर जड करा. लांब केली तर हात पुरत नाही. सैल सोडली तर ती फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या पट्ट्यांवर, फडफडते. उरले जड करणे. मी गणित करून पाहिले. १६ किलोच्या आसपास ताण ठेवून भरीव पोलादाची एकच तार वापरायची म्हटले, तर ती सव्वादोन मिलिमीटर जाडीची लागेल. ती तार कसली, सळईच. टोकाशी वाकणार नाही, आणि मूळ स्वराच्या वरचे बारीक स्वर बेसूर होतील. म्हणून आत बारीक पोलादी गाभा ठेवतात आणि त्यावर दुसरी तार गुंडाळतात. वजन येते, लवचीकपणाही राहतो.

आपल्या तंबोऱ्यात हेच वेगळ्या रीतीने साधलेले आहे. बाकीच्या तारा पोलादी, पण खर्जाची जाड आणि पितळेची. मिरजेच्या कारागिरांना हे सूत्र कुणी फळ्यावर लिहून दिले नव्हते. आणि जवारीखाली सुताचा धागा केसभर सरकवला की तंबोरा कसा बदलतो, हे इथल्या गाणाऱ्यांना मी सांगायला नको. बेसमध्ये सगळी गंमत या वरच्या गुंडाळीत आहे.

ही पहिली तार बघा. गुंडाळलेली तार गोल आहे, तिला राउंडवाउंड म्हणतात. नखाने घासली की कंगव्यासारखा आवाज येतो. बोट सरकवले की ‘सुईं’ करते. हिचा आवाज असा. (येथे वाजवून दाखवले.) खणखणीत, पियानोच्या डाव्या टोकासारखा. आता ही दुसरी, फ्लॅटवाउंड. हिच्यावर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळली आहे. हात फिरवा, काचेसारखी गुळगुळीत. आवाज असा. (वाजवून दाखवले.) ‘धुम्म’ येतो आणि लगेच बसतो. या दोघींच्या मधली एक हाफराउंड, म्हणजे गोल गुंडाळून वरून घासलेली किंवा दाबलेली. मला ती धड ना इकडची, धड ना तिकडची वाटते, पण आवडणारे आहेत. चौथी ही काळी, पोलादाच्या तारेवर नायलॉनची पट्टी चढवलेली टेपवाउंड. दिसायला सर्वांत जाड, पण बोटाखाली सर्वांत मऊ. पिकअपमधले लोहचुंबक आतले पोलाद ओळखते, वरच्या नायलॉनचे त्याला काही देणेघेणे नाही, म्हणून हीसुद्धा ॲम्प्लिफायरमधून नीट वाजते.

लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, त्या काळात बेसला फ्लॅटवाउंडच असत. मोठ्या उभ्या डबल बेसचा आवाज लोकांच्या कानात होता, तोच त्यांना हवा होता. या तारांचा सर्वांत मोठा वादक डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन. १९६०च्या दशकातल्या मोटाउन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांचा खर्ज त्याचा आहे. तो मूळचा डबल बेसवाला. ला बेला कंपनीच्या जाड, ताठ फ्लॅटवाउंड तारा, त्या दांड्यापासून उंच ठेवलेल्या, आणि वाजवायचा फक्त उजव्या हाताच्या तर्जनीने. तार तुटल्याशिवाय सहसा बदलायचा नाही. वर्षानुवर्षे साचलेला मळ त्याला चालत होता, किंबहुना हवाच होता.

मग इंग्लंडमध्ये ‘द हू’ या बँडचा जॉन एंटविसल आला. त्याला मागे उभे राहून धुमधुम करायची नव्हती, त्याचा बेस पुढे येऊन बोलायला हवा होता. १९६६ साली त्याने रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून राउंडवाउंड तारा घडवून घेतल्या, आणि पियानोसारखा लखलखीत आवाज बेसला मिळाला. पुढच्या पिढीतल्या बहुतेकांनी तीच वाट धरली. जॅको पास्टोरियस तर फ्रेट नसलेल्या बेसवर राउंडवाउंड लावायचा. या तारा लाकूड कानशीसारखे खातात. त्याने दांड्यावर बोटींना लावतात तो एपॉक्सीचा लेप दिला. टणक काचेसारखा पृष्ठभाग झाला, लाकूड वाचले, आणि तो गाणारा आवाजही त्यातूनच आला.

आमच्या खात्यातल्या माणसाला हे लगेच पटते. गाडीच्या पँटोग्राफवर कार्बनची पट्टी असते आणि वर तांब्याची तार. दोघांचे घर्षण होणार, एकाला झिजावे लागणार. आपण पट्टी झिजू देतो, कारण ती बदलणे स्वस्त. मैलोन् मैल तार बदलणे परवडत नाही. बेसचेही तसेच. स्टेनलेस स्टीलची तार टणक, आवाज अधिक लखलखीत, पण ती फ्रेट लवकर झिजवते. निकेलचा मुलामा दिलेली तार मऊ, ती स्वतः झिजते. तार दोन-अडीच हजारांत बदलता येते. फ्रेट बदलायचे तर कुशल कारागीर शोधा, पैसे मोजा आणि पंधरा दिवस वाट बघा. म्हणून नवशिक्याला मी निकेलच सुचवतो.

त्यात आपली चेन्नईची हवा. राउंडवाउंडच्या खाचांत घाम, मीठ आणि कातडीचा मळ बसतो, आणि महिन्या-दीड महिन्यात तार मेल्यासारखी वाजते. गरीब वादकांचा जगभर चालणारा एक उपाय आहे. तारा काढून दहा मिनिटे पाण्यात उकळायच्या आणि पुसून खडखडीत वाळवायच्या. चमक काही दिवस परत येते. आमच्या घरी यासाठी वेगळे पातेले नेमून दिलेले आहे. फ्लॅटवाउंडला या खाचाच नाहीत. ती महाग, पण वर्षानुवर्षे टिकते.

इथपर्यंत सगळे कानाचे झाले. माझे स्वतःचे मत असे आहे की तारेचा खरा फरक कानापेक्षा बोटाला पडतो. आमच्या तालमीत मी एकदा पडद्याआडून वाजवून पाहिले. एकट्या बेसवर फ्लॅट आणि राउंड सगळ्यांनी ओळखले. निकेल आणि स्टील एकालाही ओळखता आले नाही. ढोलकी, की-बोर्ड आणि गायक सुरू झाल्यावर तर फ्लॅट-राउंडसुद्धा निम्म्यांचे चुकले. पण वाजवताना मला स्वतःला प्रत्येक वेळी कळत होते, आणि मी एकच ओळ वेगळी वाजवत होतो! राउंडवर बोट उड्या मारते, फ्लॅटवर सरकते. ताठ तार असली की स्वर कमी आणि विचार करून लावले जातात.

याला अपवादही आहे, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला. मार्च २००७ मध्ये बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन हा बँड आला होता. मी रात्रीच्या गाडीने गेलो होतो. त्यांचा स्टीव्ह हॅरिस घोडदौडीसारखा बेस वाजवतो, इतका खणखणीत की कुणीही राउंडवाउंड म्हणेल. त्याच्या तारा फ्लॅटवाउंड! नव्या फ्लॅटमध्ये थोडी चमक असतेच, आणि हा माणूस दोन बोटांनी ती फ्रेटवर अशी काही आपटतो की उरलेली चमक बोटांतून येते.

आणखी एक गोष्ट सांगतो. आमच्या कॉलनीत मेल गाडीचे निवृत्त ड्रायव्हर होते, अँग्लो-इंडियन. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. तरुणपणी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचाच्या रात्री त्यांनी बेस वाजवलेला, आणि नंतर दर रविवारी चर्चमध्ये. सत्तरी ओलांडली आणि बोटांचे सांधे सुजायला लागले. सकाळी चहाचा कप धरवेना. जाड स्टीलची राउंडवाउंड तार दाबणे म्हणजे त्यांना शिक्षाच होती. त्यांनी बेस विकायचे ठरवले, गिऱ्हाईकही येऊन पाहून गेले. मी तो बेस एका रात्रीपुरता मागून घरी आणला. कमी ताणाचा काळा टेपवाउंड संच चढवला आणि तारा दांड्याजवळ खाली बसवल्या. शिवाय अर्धा स्वर उतरवला. तेवढ्यानेच ताण ११ टक्क्यांनी कमी होतो. चर्चच्या पियानोबरोबर वाजवताना मग बोट एक घर पुढे ठेवावे लागते, पण पन्नास वर्षे वाजवलेल्या माणसाला ते सांगावे लागत नाही.

सकाळी त्यांनी बेस मांडीवर घेतला. बराच वेळ नुसतीच बोटे तारांवर फिरवत राहिले, वाजवलेच नाही. मग एक जुना वॉल्ट्झ वाजवला, अगदी सावकाश. पूर्वी ते तार ओढून वाजवायचे, आता नुसते टेकवून सोडत होते. आवाज उभ्या डबल बेससारखा, गोल आणि दबका येत होता. मला म्हणाले, आवाज त्यांचा राहिला नाही, पण हात त्यांचाच आहे. गिऱ्हाइकाला त्यांनी स्वतः फोन करून नाही सांगितले. त्यानंतर चार वर्षे, शेवटच्या आजारापर्यंत, ते दर रविवारी वाजवत होते. तारांचा तो एकच संच.

म्हणून आपल्या मुलांपैकी कुणी बेस शिकायला घेतला आणि महिन्याभरात बोटे दुखतात म्हणून सोडायला निघाला, तर आधी तारा बघा. दुकानातून आलेल्या तारा जाड असतात, कधी दांड्यापासून उंच असतात. ४५ ते १०५ असे पाकिटावर लिहिलेले असेल, ते इंचाचे हजारावे भाग. ४० ते ९५चा संच मागा. फक्त ताण बदलला की दांड्यातला लोखंडी गज पुन्हा जुळवून घ्या. चारही तारा मिळून साधारण पाऊणशे किलोने त्या लाकडाला ओढत असतात. आमच्या ओव्हरहेड तारेवर १००० किलोचा ताण असतो, पण तिथे खांबाला वजने लटकवलेली असतात, ती उन्हाळा-हिवाळा सांभाळून घेतात. गिटारच्या दांड्याला तशी सोय नाही.

चिटणीस घड्याळ दाखवत आहेत. हे चारही संच इथे टेबलावर ठेवतो. ज्यांना हात लावून पाहायचा असेल त्यांनी जरूर या. मात्र मोदक खाऊन येणार असाल तर हात धुऊन या, राउंडवाउंडच्या खाचांत तूप गेले तर मला पुन्हा पातेले चढवावे लागेल.