पहाटेचा अर्धा तास कोणाचा?

(वडखळ येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



योगाचा विषय निघाला की दोन टोकाची मते ताबडतोब पुढे येतात. एक पक्ष योगाला सर्व रोगांवरचा रामबाण उपाय ठरवितो. दुसरा त्याला खात्यापित्या वर्गाचा फावल्या वेळचा छंद म्हणून झिडकारतो. श्रमिकांच्या चळवळीत दुसरे मत अधिक रूढ आहे. दिवसभर घाम गाळणाऱ्याला आणखी कसला व्यायाम हवा, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर याच परिसरात सापडते.

भातलावणी करणारी स्त्री दिवसभर चिखलात कमरेतून वाकलेली असते. पेणचा मूर्तिकार डोळ्यांची आखणी करीत तासन्‌तास मान खाली घालून बसतो. डोलवीच्या पोलाद कारखान्यातील पाळीचा कामगार रात्र जागून काढतो. वडखळ नाक्यावर वाहनांच्या रांगेत अडकलेला ट्रकचालक एकाच बैठकीत आंबून जातो. या सर्वांचे श्रम खरे आहेत. परंतु श्रम म्हणजे व्यायाम नव्हे. श्रमात काही ठराविक स्नायूच झिजतात, उरलेले आखडतात. शिवाय त्याची गती हंगाम, यंत्र किंवा मालक ठरवितो. योगाभ्यासात ती गती अभ्यास करणाऱ्याच्या स्वाधीन असते. दिवसभर पुढे वाकलेला कणा भुजंगासनात मागे वळतो, आखडलेली मान सैल होते आणि धापा टाकणारा श्वास संथ होतो. मूळ भेद हा आहे.

ही केवळ श्रद्धेची गोष्ट राहू नये, यासाठी महाराष्ट्रात मोठे काम झाले आहे. पेणहून खोपोलीमार्गे घाट चढला की लोणावळा लागते. तेथे १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंद, म्हणजेच पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान व नौली करताना पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रे यांच्या साहाय्याने तपासले. गूढतेच्या गुहेतील विद्या त्यांनी प्रयोगशाळेच्या टेबलावर आणली, हे त्यांचे खरे ऋण होय. पुढे पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे आणि खुर्च्या यांचा आधार देऊन ताठरलेल्या, वृद्ध व आजारी शरीरांनाही आसने सुलभ केली.

आता लाभांचा हिशेब मांडू. कोक्रेन या वैद्यकीय आढावा घेणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीवरील १२ चाचण्या तपासल्या. त्यांत १,०८० जणांचा समावेश होता. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांची हालचाल काही प्रमाणात सुधारली. मात्र त्यांच्यापैकी काहींची कंबरदुखी वाढलीही. इतर व्यायामांपेक्षा योग सरस ठरल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. नियमित अभ्यासाने रक्तदाब थोडा उतरतो, चिंता व ताण हलके होतात, झोप सुधारते, असे अनेक अभ्यास सांगतात. दीर्घ व संथ उच्छ्‌वासाने हृदयाची गती मंदावते, हे तर कोणालाही स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून पाहता येईल. लाभ खरे आहेत, पण मर्यादित आहेत. मधुमेहाची वा रक्तदाबाची गोळी योगाच्या भरवशावर बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ. काचबिंदू किंवा उच्च रक्तदाब असलेल्याने शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये.

याहून मोठा धोका निराळा आहे. कामगाराला ताण आहे ना, मग त्याला श्वास घ्यायला शिकवा, असे म्हणून कामाचे तास, धूळ, उष्णता आणि अपुरे वेतन यांचे प्रश्न बाजूला सारता येतात. अपुऱ्या आहाराची भरपाई कोणतेही आसन करीत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर हवा, ही मागणी प्राणायामाने शमत नाही आणि शमूही नये.

तरीही योग नाकारणे हा त्यावरचा उपाय नव्हे. योगाला साधनसामग्री लागत नाही, एक सतरंजी पुरते. त्याची खरी किंमत वेळ ही आहे. हा वेळच समाजात सर्वांत विषमतेने वाटलेला आहे. पहाटे पाणी भरणाऱ्या आणि चूल पेटविणाऱ्या स्त्रीला अर्धा तास कोण देणार? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ती कोणी दान म्हणून दिली नव्हती. विश्रांती हा हक्क आहे, हे त्या लढ्याने शिकविले. योगाचा अर्धा तासही त्याच हक्काच्या पोटात येतो.

म्हणून गावागावांतील कार्यकर्त्यांनी शाळेच्या पडवीत वा समाजमंदिरात विनामूल्य वर्ग चालवावेत. शिकविणारा जाणकार असावा. कोणत्याही धर्माच्या माणसाला परके वाटेल असे कर्मकांड तेथे नसावे. स्त्रियांना सोयीची वेळ त्यांनाच ठरवू द्यावी, आणि तेवढा वेळ घरातील पुरुषांनी चूल सांभाळावी. जून २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला जागतिक योग दिन साजरा होतो. एका सकाळच्या समारंभाने कोणाचा कणा सरळ होत नाही. उरलेल्या ३६४ सकाळी कोणाच्या मालकीच्या आहेत, यावर ते अवलंबून आहे.