माझे काम मला कसे सापडले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकलेमाकलेले सांभाळून घ्यावे. चिटणीसबाईंनी 'यश' हा विषय दिला, तेव्हा मी म्हटले, अहो, जिचा धंदा बुडाला तिने यशावर काय बोलावयाचे? त्या म्हणाल्या, "तेच सांगा."

आपल्याच मंडळात मी लिज्जत पापडाची हकिगत ऐकली होती. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत, गिरगावात, सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास घेतले. पुढे उलाढाल कोटींवर गेली, हजारो भगिनींच्या हाताला काम मिळाले. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्रीही मिळाली.

मला वाटले, आपण का नाही? शिवण येत होते. कर्जाने दोन मशिने घेतली आणि एका शाळेच्या गणवेशांचे मोठे काम अंगावर घेतले. घाईत कापड भिजवून घेतले नाही. पहिल्याच धुण्यात ते आटले आणि निम्मे गणवेश परत आले. चूक सर्वस्वी माझी. पाटल्या मोडून कर्ज फेडले. हे एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचेच मला अधिक लागले. एक मशीन विकले, दुसरे झाकून ठेवले, ते वर्षभर उघडलेच नाही.

मग एके दिवशी शेजारच्या आजी त्यांचे जुने लुगडे घेऊन आल्या. मधोमध विरलेले, काठ मात्र शाबूत. म्हणाल्या, "एवढा दंड घालून दे गं, नातवाच्या मुंजीत नेसायचंय." विरलेला भाग काढला, काठाला काठ जुळवून हाताने बारीक टाके घातले. गॅसवर दूध उतू गेले तरी मला पत्ता नाही! गणवेश शिवताना माझे लक्ष सारखे घड्याळाकडे नि हिशेबाकडे असे. त्या दुपारी मला घड्याळाची आठवणही झाली नाही.

आजी मुंजीत ते लुगडे नेसून मिरवल्या. तेव्हापासून उसवलेले, फाटलेले, आखूड झालेले सारे माझ्याकडे येते. मिळकत म्हणाल तर दूधभाजीपुरती.

लिज्जतच्या बायकांचे पहिल्या दिवशी चारच पुडे झाले होते, आणि देणगी मागावयाची नाही हे त्यांनी आधीच ठरविले होते. हेही त्या दिवशी सांगितले गेलेच असणार. माझ्या कानांत कोटींचा आकडा तेवढा राहिला.

यंदा मुलगी कॉलेजचा फॉर्म भरीत होती. आईचा व्यवसाय या रकान्यात दरवर्षी ती 'गृहिणी' लिहिते. या वेळी पेन थांबवून तिने विचारले, "आई, रफू आणि शिवणदुरुस्ती लिहू का?" मी चुलीपाशी पाठमोरी होते ते बरे झाले.

दंड घालावयास शिकावयाचे असेल त्यांनी शनिवारी दुपारी माझ्या घरी यावे. सुई आपापली आणावी, दोरा मी देईन.