त्या फोनचं रेकॉर्डिंग कुठे आहे?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेची वर्षासहल लोहगडवाडीला गेली होती. तेथे एका सभासद भगिनींनी केलेले भाषण.)



कमिटीने मला ‘ग्राहकांचे हक्क’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. किल्ला उतरून सगळे दमलेत, चुलीवरच्या भाकरीचा वास सुटलाय. तेव्हा कायद्याची कलमं वाचून दाखवत नाही. एकच गोष्ट सांगते, ती याच वाडीत घडली.

चार वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रविवारी आम्ही घरचे इथे आलो होतो. गणेश दरवाजा उतरत असताना मेसेज आला : खात्यातून १८,४०० रुपये गेले. कुठल्याशा परदेशी वेबसाइटवर माझं कार्ड वापरलं होतं, तिथे ओटीपी लागलाच नाही. माझ्या फोनची रेंज तेवढ्यात गेली. जिथे जेवणार होतो त्या मावशींचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं. त्यांच्या अंगणाच्या कोपऱ्यात, छत्री धरून, त्यांच्या फोनवरून मी बँकेला फोन लावला. आधी ती नेहमीची टेप : ‘हा कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो.’ मग एक मुलगा बोलला. अकरा मिनिटं. फसवणूक झाली हे मी स्पष्ट सांगितलं. त्याने कार्ड बंद केलं, ‘नोंद घेतली मॅडम’ म्हणाला. तक्रार क्रमांक मी मागितला नाही. चूक माझीच.

शुक्रवारी शाखेत जाऊन अर्ज दिला. महिन्याभराने ८,४०० रुपये परत आले. उरलेले १०,००० का नाहीत? तर म्हणे, तुमची तक्रार शुक्रवारची, उशिराची. रविवारी कार्ड बंद केलं ते ‘हरवलं’ म्हणून. आणि तुमच्या नोंदणीकृत नंबरवरून त्या दिवशी आम्हाला फोनच आलेला नाही!

आता यातली मेख बघा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर ग्राहकाचा एक रुपयाही जायला नको. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याला १०,००० पर्यंत झळ बसू शकते. म्हणजे माझे दहा हजार त्या अकरा मिनिटांत मी काय बोलले यावर अडले होते. ते बोलणं बँकेकडे टेपवर होतं, माझ्याकडे काहीच नव्हतं.

मग मी बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल केली. कुठल्या तारखेला, किती वाजता, कोणत्या नंबरवरून, किती मिनिटं बोलले ते लिहिलं. मावशींच्या फोनमधल्या कॉल यादीचा फोटो जोडला. (चार महिने जुनी यादी त्या फोनमध्ये राहिली होती, हे नशीब.) आणि लिहिलं : ‘हे रेकॉर्डिंग पुसू नये, जतन करावं. त्याची प्रत किंवा लेखी उतारा द्यावा. देता येत नसेल तर कारण लेखी कळवावं.’ तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, हेही लिहिलं. एकोणिसाव्या दिवशी पैसे जमा झाले. ‘अंतर्गत नोंदी तपासल्या असता’ एवढंच पत्र. रेकॉर्डिंग मात्र आजपर्यंत मिळालेलं नाही.

मिळायला हवं होतं का? खरं सांगायचं तर ग्राहकाने मागताक्षणी कॉलची प्रत द्यावी, असं आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सरळ म्हणत नाही. युरोपात २०१८ पासून तो हक्क आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांनी अर्ज केला तर साधारण महिन्याभरात आपल्याबद्दलच्या माहितीची प्रत द्यावी लागते, त्यात आवाजही आला. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात ‘सारांश’ मागण्याची तरतूद आहे, प्रतीची नाही. मला हे अर्धवट वाटतं. आवाज माझा, आणि मलाच सारांश?

पण वाटा आहेत. समोर सरकारी बँक किंवा सरकारी कंपनी असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. २००५ च्या त्या कायद्यात टेप आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली माहितीही येते. माझी बँक खासगी, म्हणून मला ती वाट नव्हती. खासगीसाठी जिल्हा ग्राहक आयोग. कागदपत्रं आणि वस्तू हजर करा, असा हुकूम आयोग देऊ शकतो, आणि रेकॉर्डिंग मागायची खरी जागा तीच. आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. पण कंपन्या रेकॉर्डिंग कायमचं ठेवत नाहीत. म्हणून ‘जतन करा’ ही ईमेल त्याच आठवड्यात जायला हवी, दोन वर्षांनी नव्हे.

चॅटवर बोलत असाल तर खिडकी बंद करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. स्वतः रेकॉर्ड केलं असेल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. पुढे पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. कुठे जायचं ते सुचत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथला नोंद क्रमांकही लिहून घ्या हं!

जाता जाता थोडं घरचं. तीन वर्षं मी आपल्या कमिटीत होते. लिफ्ट बंद पडली की कंपनीला फोन करायचो, ‘माणूस पाठवतो’ ऐकायचो आणि फोन ठेवायचो. परवा रौप्यमहोत्सवासाठी जुन्या वह्या चाळल्या, तर त्या फोनांची एकही नोंद नाही. कधी केला, कोण बोललं, काय म्हणालं, काही नाही. आणि नव्या करारात आपण भरपाई मागतोय! सेक्रेटरी साहेबांना मी एक वही आणून दिली आहे. वॉचमनच्या केबिनमध्ये, सोबत दोरीला बांधलेलं पेन. पहिल्या पानावर गेल्या मंगळवारचा फोन मीच लिहिलाय.