फट पडण्याआधीची जबाबदारी



फ्लोअरिंग व्यावसायिकांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. अध्यक्षानं व्यवसायाच्या सगळ्या अंगांचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. आज मात्र मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. व्हिनाइलचं फ्लोअरिंग बसवल्यानंतर ते आकसतं का, आणि जोडांमध्ये फटी का पडतात?

फट दिसली की आरोप सुरू होतात. कंपनी म्हणते, बसवणाऱ्याचं चुकलं. बसवणारा म्हणतो, मालच खराब. आर्किटेक्ट कोब्याकडे बोट दाखवतो. शेवटी पैसे कापले जातात ते बहुतेक वेळा कारागिराचे. माझं म्हणणं स्पष्ट आहे. आकसणं हा व्हिनाइलचा गुणधर्म आहे आणि तो आधी मोजता येतो. जे आधी मोजता येतं, त्याची जबाबदारीही काम सुरू होण्याआधीच ठरली पाहिजे.

आकसण्याची कारणं तीन, आणि ती वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत.

पहिलं कारण कारखान्यातलं. पीव्हीसी, चुन्याच्या दगडाची पूड आणि लवचीकपणा आणणारं प्लॅस्टिसायझर यांचं गरम मिश्रण रोलरमधून ओढून शीट तयार होतं. ओढताना पडलेला ताण शीट थंड होताना आतच अडकून राहतो. पुढे ऊब मिळाली की तो सुटतो आणि शीटमधून पट्टीसारखा कापलेला प्लँक मुख्यतः लांबीत आखूड होतो. हे आखूड होणं कायमचं असतं. आयएसओ 23999 या चाचणीत नमुना 80 अंश सेल्सियसला सहा तास ठेवून पुन्हा मोजतात तो यासाठीच. न वेल्डता नुसत्या जोडून बसवायच्या टाइलसाठी आयएसओ 10582 मध्ये 0.25 टक्क्यांची मर्यादा आहे. 1200 मिलिमीटरच्या प्लँकला ती 3 मिलिमीटर होते. म्हणजे प्रमाणपत्र मिळालेला मालही तितका हलू शकतो. चांगल्या मालात काचतंतूंचा थर घालून हे प्रमाण पुष्कळ कमी केलेलं असतं. म्हणून नुसतं प्रमाणपत्र पाहू नका, त्यावरचा आकडा वाचा.

दुसरं कारण तापमानाचं. पीव्हीसी उष्णतेनं काँक्रीटच्या कित्येक पट प्रसरण पावतं. कडक पीव्हीसीचा एक मीटर अंशागणिक साधारण 0.06 मिलिमीटर वाढतो किंवा घटतो. मे महिन्यात एसी सुरू नसलेल्या साइटवर 38 अंशांत बारा मीटरचा हॉल आपण बसवतो. हँडओव्हरनंतर एसी 24 अंशांवर चालू होतो. चौदा अंशांच्या या फरकानं, मोकळेपणी हलू दिलं तर, तेवढ्या लांबीला सुमारे 10 मिलिमीटर घट येते. ती कुठल्या ना कुठल्या जोडात दिसणारच.

तिसरं कारण संथ आहे. वर्षानुवर्षं प्लॅस्टिसायझर थोडं थोडं बाहेर पडतं, काही हवेत, काही खालच्या गोंदात. शीट कडक होतं आणि आकसतं, गोंद मात्र मऊ पडतो.

गोंदाचं काम नुसतं चिकटवण्याचं नाही. आकसू पाहणाऱ्या प्लँकला तो जागेवर धरून ठेवतो. व्हिनाइल स्वतः पाणी फारसं पीत नाही, म्हणून पुष्कळजण कोब्यातल्या ओलीकडे दुर्लक्ष करतात. पण ओलीबरोबर वर येणारा अल्कली गोंद सैल करतो, आणि अडकून बसलेल्या ताणाला वाट मिळते. पावसाळ्यात घाईनं उरकलेल्या साइटवर हेच घडतं.

म्हणून फट वाचायला शिका. सगळ्या प्लँकच्या आखूड टोकांना सारख्या फटी असतील, तर मालातला ताण किंवा बसवतानाचं तापमान तपासा. फक्त खिडकीजवळ असतील, तर काचेतून येणारं ऊन पाहा. फटीतून मऊ गोंद वर येत असेल, तर ओल मोजा. क्लिक पद्धतीच्या तरंगत्या फ्लोअरिंगमध्ये एकाच जागी मोठी फट असेल, तर जड कपाट किंवा ओट्याखालचं कॅबिनेट त्याला दाबून धरत नाही ना, हे बघा. उरलेलं फ्लोअरिंग आकसताना सगळ्यात कमजोर जोडापाशी सुटतं.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवणारा लोहार ती तापवून चढवायचा आणि पाणी ओतून आवळून घ्यायचा. लोखंड किती आकसेल, याचा हिशेब धाव कापतानाच झालेला असे. आपल्या कामातही हिशेब आधीच व्हायला हवा.

तो कसा करायचा? माल खोलीत सपाट ठेवून किमान 48 तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. एसी लागणार असेल, तर तो बसवण्याआधी, बसवताना आणि नंतरही चालू ठेवायला लावा. कोब्याची ओल यंत्रानं मोजा. कंपनीनं सांगितलेल्या खाचांच्या करणीनंच गोंद लावा आणि वरून जड रोलर फिरवा. तरंगत्या फ्लोअरिंगला भिंतीकडेनं सांगितलेली मोकळी जागा सोडा. रुग्णालयात शीटच्या जोडाला वेल्डिंग करताना रॉड गरम असतानाच सपाट छाटू नका. थंड होताना तो खाली बसतो आणि खोबण राहते. शस्त्रक्रियागृहात त्या खोबणीत साचलेली घाण रुग्णाच्या जिवाशी जोडलेली आहे.

या अधिवेशनानं एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक कामाचा एक पानाचा नोंदतक्ता असावा. त्यात मालाचा बॅच क्रमांक, खोलीचं तापमान, कोब्याची ओल, गोंदाचं नाव आणि तारीख असावी. त्यावर मालक, आर्किटेक्ट आणि कारागीर अशा तिघांच्या सह्या असाव्यात. जिथे आकडे बसत नाहीत, तिथे काम थांबवण्याचा अधिकार कारागिराला असावा, आणि त्या थांबण्याबद्दल त्याचा रोज कापला जाऊ नये.

कारागिराला जोखीम द्यायची आणि ज्ञान व अधिकार मात्र द्यायचा नाही, ही पद्धत अन्यायाची आहे. ती मोडण्याची सुरुवात या सभागृहातून व्हावी. ठरावाचा मसुदा उद्याच्या सत्रात येईल, त्यावर प्रत्येकानं बोलावं. सगळ्यात आधी कारागिरांनी बोलावं.