गोबरगॅस : आधी घराचा हिशेब, मग जगाचा



कोळसा, डिझेल जळून होणाऱ्या वायूंनी हवामान तापत आहे, हे आपण ऐकतो. मग पारावर प्रश्न निघतो, "एकट्या अमडापूरनं धूर कमी केला तर जगाला काय फरक पडणार?" प्रश्न रास्त आहे. एका गावानं जगाचा ताप उतरत नाही. म्हणूनच जे काम आधी आपल्या घराला परवडतं, ते निवडावं. गोबरगॅस हे तसं काम आहे.

2 घनमीटरच्या संयंत्राला चार-पाच जनावरांचं रोज सुमारे 50 किलो शेण व तेवढंच पाणी लागतं. 1 घनमीटर गोबरगॅस म्हणजे साधारण 430 ग्रॅम सिलेंडरचा गॅस. थंडीत गॅस कमी बनतो, म्हणून हात राखून महिन्याला एकच सिलेंडर वाचला असं धरा. वर्षाचे 12 झाले. त्याला आजच्या भावानं गुणा आणि बांधकामाच्या खर्चाला त्या रकमेनं भागा. तेवढ्या वर्षांत पैसा वसूल. हिशेब अनुदान न धरता करावा. मिळालं तर तो वरचा फायदा.

शिवाय गवरी जाळली की शेणातलं नत्र धुरात जातं. गोबरगॅसमध्ये ते स्लरीत राहून शेताला मिळतं. तेवढा युरिया कमी लागतो, आणि युरिया बनवायलाही इंधन जळतंच.

सिंधुदुर्गात झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने अशी हजारो संयंत्रं घरोघर उभी केली आहेत. देशादेशांचे करार होत राहतील. तिथल्या चुली त्यासाठी थांबल्या नाहीत.

मात्र दोनच जनावरं असतील तर 2 घनमीटरचं संयंत्र बांधू नये, ते अर्धपोटी राहील. पऱ्हाट्यांवर चूल पेटत असेल तर रोख बचत थोडी, सरपणाची मेहनत आणि धूर वाचेल. उन्हाळ्यात रोजचं 50 लिटर पाणी कुठून आणणार, तेही आधी ठरवा.

शेवटची गोष्ट गळतीची. या गॅसमधला मिथेन हवेत सुटला तर 100 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट ताप देतो. म्हणजे घराचंही नुकसान, जगाचंही. नळीच्या जोडांना अधूनमधून साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की जोड दुरुस्त करा. काडी लावून गळती कधीही पाहू नका.

अनुदानाची चौकशी पंचायत समितीत करावी.